पक्ष्याच्या पायातील चिठ्ठी

गणपती उठतात, पाऊस ओसरू लागतो आणि महाराष्ट्रातील बागांच्या कुंपणांतून, घाणेरीच्या जाळ्यांतून एक बारीक टकटक ऐकू येऊ लागते. ती करणारा पक्षी सहसा दिसत नाही. दिसलाच तरी लक्षात राहावे असे त्याच्यापाशी काही नसते. आकाराने चिमणीहून लहान, रंगाने मळकट तपकिरी आणि स्वभावाने लाजाळू असा हा पाहुणा उत्तरेकडून, थेट सैबेरिया व मध्य आशियाच्या प्रदेशांतून येतो, आपल्या झुडपांत हिवाळा काढतो आणि उन्हाळा तापू लागला की निघून जातो. पक्षिनिरीक्षक त्याला ब्लिथचा वटवट्या म्हणतात. हे नाव उच्चारणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ब्लिथ कोण होता, हे ठाऊक असेल. १८४९ मध्ये या पक्ष्याची स्वतंत्र जात ओळखून तिला शास्त्रीय नाव देणारा एडवर्ड ब्लिथ हा कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा क्युरेटर, म्हणजे संग्रहपाल होता. तोही या पक्ष्यासारखाच झाकलेला राहिला. त्याचे काम सर्वत्र आढळते, माणूस मात्र क्वचितच दृष्टीस पडतो.

भारतातील पक्षिशास्त्राचा इतिहास सांगताना आपण ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमचे नाव घेतो, जर्डनचे घेतो, सालिम अलींचे तर अभिमानाने घेतो. ते योग्यच आहे. परंतु या सर्वांना ज्या पायावर उभे राहता आले, तो पाया घालणाऱ्या माणसाच्या वाट्याला आयुष्यभर काय आले, याचा हिशेब मांडला तर तो मन विषण्ण करणारा निघतो. शिवाय तो केवळ एका माणसाचा हिशेब नाही. ज्ञानाच्या वस्तू जमविण्याची हौस बाळगायची आणि त्या सांभाळणाऱ्या माणसाकडे मात्र पाठ फिरवायची, ही जी समाजाची व सरकारची जुनी सवय, तिचा तो हिशेब आहे.

औषधांचे दुकान आणि पाखरे

ब्लिथचा जन्म २३ डिसेंबर १८१० रोजी लंडनमध्ये झाला. वडिलांचा कापडाचा व्यवसाय होता. मुलगा दहा वर्षांचा असतानाच ते वारले आणि चार मुलांची जबाबदारी आईवर पडली. मुलगा हुशार होता, वाचनाचा वेडा होता. पण शाळेपेक्षा आसपासच्या रानात त्याचा जीव अधिक रमे. विम्बल्डनच्या शाळेतून १८२५ मध्ये बाहेर पडल्यावर त्याला रसायनशास्त्र शिकण्यास धाडण्यात आले. सज्ञान झाल्यावर हाती आलेल्या थोड्याशा पैशातून त्याने लंडनजवळच्या टूटिंग येथे औषधांचे दुकान घेतले. त्या काळच्या सामान्य मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने मुलगा मार्गी लागला होता.

प्रत्यक्षात मात्र दुकानदार एकीकडे आणि त्याचे चित्त दुसरीकडे, असा प्रकार होता. पहाटेपासून पाखरांच्या मागे हिंडायचे, रात्री पुस्तके व कातडी यांत बुडून जायचे, अशा माणसाकडून गिऱ्हाईक सांभाळले जाणे शक्यच नव्हते. १८३७ च्या सुमारास दुकान बुडाले. परंतु याच वर्षांत लंडनच्या निसर्गविषयक मासिकांतून त्याचे लेख येऊ लागले होते. गिल्बर्ट व्हाइटच्या सेलबोर्नवरील प्रसिद्ध ग्रंथाची एक आवृत्ती त्याने १८३६ मध्ये संपादित केली. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिए याच्या प्राणिसृष्टीवरील महाग्रंथाची जी इंग्रजी आवृत्ती १८४० मध्ये निघाली, तिच्यातील सस्तन प्राणी, पक्षी व सरपटणारे प्राणी हे भाग ब्लिथने हाताळले. पदवी नाही, घराणे नाही, गाठीला पैसा नाही. आणि तरीही तिशीच्या आतच तो या विषयाचा जाणकार म्हणून ओळखला जाऊ लागला होता.

अडचण एकच होती. त्या काळच्या इंग्लंडमध्ये निसर्गशास्त्र हा प्रामुख्याने खाऊनपिऊन सुखी असलेल्या सद्गृहस्थांचा छंद होता. डार्विनला पोटासाठी कधी नोकरी धरावी लागली नाही. ब्लिथला तर उद्याच्या जेवणाची भ्रांत होती. पगारी जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आणि त्याही ओळखीपाळखीने मिळणाऱ्या. अशा वेळी कलकत्त्याहून बोलावणे आले.

पार्क स्ट्रीटवरची वीस वर्षे

बंगालच्या एशियाटिक सोसायटीने १८१४ मध्ये संग्रहालय स्थापन केले होते. कंपनी सरकारचे लष्करी अधिकारी, डॉक्टर, सर्व्हेचे लोक देशाच्या कानाकोपऱ्यातून कातडी, हाडे, शिंगे, बरण्यांत घातलेले साप असे नाना जिन्नस तेथे पाठवीत. जमा होणाऱ्या ढिगाची व्यवस्था लावण्यासाठी सोसायटीला पूर्ण वेळ संग्रहपाल हवा होता. देऊ केलेला पगार इतका थोडा होता की त्यावर विलायतेतून कोणी जाणता माणूस येईल, अशी सोसायटीचीही फारशी अपेक्षा नव्हती. वर्षाला तीनशे पौंड आणि घरभाड्यासाठी महिना चार पौंड. ब्लिथने ती जागा स्वीकारली. कलकत्त्याला जाण्याच्या तयारीसाठीदेखील त्याला शंभर पौंडांची उचल घ्यावी लागली. सप्टेंबर १८४१ मध्ये तो कलकत्त्यास पोहोचला. त्यानंतर सुमारे एकवीस वर्षे त्याचे जग म्हणजे पार्क स्ट्रीटच्या कोपऱ्यावरील ती इमारत होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. निसर्गशास्त्रज्ञ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर रानावनात दुर्बीण घेऊन हिंडणारा माणूस उभा राहतो. ब्लिथ तसा नव्हता. हिमालयातील पक्ष्यांवर त्याने अधिकाराने लिहिले, निलगिरीवरील पक्ष्यांचे निवाडे दिले, सिंहलद्वीप व आराकान येथील जाती प्रथम ओळखल्या. पण ही रानावने त्याला सहसा पाहावयास मिळाली नाहीत. रानच त्याच्या टेबलावर येत असे. काठमांडूहून हॉजसन, मद्रास इलाख्यातून जर्डन, आराकानातून फेअर, सिंहलद्वीपातून केलार्ट व लेयार्ड अशा अनेकांची पार्सले त्याच्याकडे येत. पार्सल उघडायचे, वाळवी व कसर लागली नाही ना हे पाहायचे, कातड्याला सोमलाचा लेप द्यायचा, पंखांची व चोचीची मापे घ्यायची, पायात चिठ्ठी बांधायची आणि मग ही जात पूर्वी कोणी वर्णिलेली आहे की नाही, याचा शोध सुरू करायचा. कलकत्त्याच्या दमट हवेत चामडे बुरसते, पिसे गळतात, कीटक रात्रीतून संबंध खण फस्त करतात. तेव्हा हे काम एकदा करून संपणारे नव्हते. ते रोज नव्याने करावे लागे.

नावांचा निवाडा

या कामातील खरी बिकट बाब म्हणजे नावे. आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते की काळाकुळकुळीत कोकीळ आणि ठिपक्याठिपक्यांची कोकिळा ही एकाच पक्ष्याची जोडी. परंतु दोन कातडी वेगवेगळ्या पार्सलांतून परक्या मुलखातील पंडितापुढे पडली, तर तो त्यांना दोन जाती समजून दोन नावे देणार, यात नवल ते काय? तेच पिलांचे आणि तेच विणीच्या हंगामात रंग बदलणाऱ्या पक्ष्यांचे. एकाच पक्ष्याला लंडनमध्ये एक, पॅरिसमध्ये दुसरे, काठमांडूत तिसरे नाव मिळालेले असे. पुण्याकडे असताना कर्नल साइक्सने दख्खनच्या पक्ष्यांची यादी करून ती १८३२ मध्ये प्रसिद्ध केली होती. तिच्यातील नावे इतरांच्या नावांशी ताडून पाहणे हेही या कामात आलेच. प्रथम दिलेले नाव टिकवायचे, बाकीची त्याच्याखाली टिपायची, हा शास्त्राचा नियम. तो पाळण्यासाठी युरोपातील सर्व ग्रंथ हाताशी हवेत. कलकत्त्यात ते अर्धेमुर्धेच मिळत आणि विलायतेतील नियतकालिके जहाजाने महिनोगणती उशिरा येत. ब्लिथची स्मरणशक्ती अफाट होती, आणि तिच्याच बळावर त्याने या गोंधळातून वाट काढली. सोसायटीच्या जर्नलमध्ये येणारे त्याचे अहवाल व टिपणे म्हणजे देशभर विखुरलेल्या हौशी संग्राहकांची पाठशाळाच झाली. आपण पाठविलेल्या पक्ष्याचे नेमके काय ठरले, हे आडगावी पडलेल्या एखाद्या डॉक्टरला त्या पानांवरून कळे आणि पुढचे पार्सल अधिक काळजीने बांधले जाई. त्याने तयार केलेली संग्रहालयातील पक्ष्यांची सूची १८४९ या वर्षाच्या नावाने छापली गेली. पुढे जर्डनने भारतीय पक्ष्यांवरील आपला ग्रंथ १८६२ ते १८६४ या काळात प्रसिद्ध केला, तो ब्लिथच्या या मशागतीवाचून लिहिला गेला नसता.

पक्षी हा त्याचा जीव की प्राण असला, तरी सरपटणाऱ्या प्राण्यांकडेही त्याने दुर्लक्ष केले नाही. पक्ष्याच्या कातड्यावर निदान रंग तरी टिकतो. स्पिरिटच्या बरणीत साप काही महिन्यांतच भुरकट होतो आणि मग त्याची ओळख पटविण्यासाठी अंगावरच्या खवल्यांच्या ओळी, पोटावरच्या पट्ट्या आणि डोक्यावरच्या ढालींची मांडणी एवढेच हाती उरते. हे मोजणीचे किचकट काम ब्लिथने केले आणि १८५३-५४ मध्ये नव्या व अल्पपरिचित सरीसृपांची वर्णने प्रसिद्ध केली. आसामच्या बाजूच्या डोंगरांत आढळणाऱ्या एका लहानशा, चकाकणाऱ्या सापाचे त्याने १८५४ मध्ये वर्णन केले. थिओबाल्डने १८६८ मध्ये त्या सापाच्या प्रजातीला ब्लिथिया असे नाव दिले, ते आजही चालते. निकोबार बेटांवरील एका विषारी चापड्या सापाचे आणि अंदमानात दिवसाउजेडी झाडांवरून हिंडणाऱ्या हिरव्यागार पालीचे पहिले शास्त्रीय वर्णनही त्याचेच. ज्या काळात साप दिसला की ठेचायचा एवढेच बहुतेकांना ठाऊक होते, त्या काळात बरणीतल्या मेलेल्या सापाकडे इतक्या आस्थेने पाहणारा हा माणूस होता.

तीनशे पौंड

या कष्टांची कदर कशी झाली? पगार वीस वर्षे तोच राहिला. कलकत्त्यातील महागाई वाढली, कामाचा पसारा वाढला, कीर्ती युरोपभर पसरली. पण ते तीनशे पौंड जागचे हलले नाहीत. सोसायटीची तिजोरी तोकडी होती हे खरे. त्याबरोबरच हेही खरे की सोसायटीच्या सभासदांत ब्लिथचे विरोधक होते. त्यांची तक्रार अशी की हा माणूस पक्ष्यांपलीकडे फारसे काही पाहत नाही, संग्रहालयाचे बाकीचे विभाग मागे पडतात आणि सूची वेळेवर पुरी होत नाही. या तक्रारीत तथ्य अजिबात नव्हते, असे म्हणता येणार नाही. ज्याला जे आवडते त्यातच तो गढून जातो, हा दोष ब्लिथमध्ये होता. स्वभावही मऊ नव्हता. दुसऱ्याची शास्त्रीय चूक दिसली की ती स्पष्ट शब्दांत दाखविल्यावाचून त्याला राहवत नसे. तथापि एका माणसाने पक्षी, प्राणी, साप, हाडे यांचे सारे भांडार मदतनिसांच्या तुटपुंज्या बळावर सांभाळायचे आणि त्याच वेळी प्रत्येक विषयाची सूचीही छापून काढायची, ही अपेक्षा कितपत रास्त होती, याचा विचार तक्रारदारांनी केल्याचे दिसत नाही.

पोटासाठी त्याने टोपणनावाने शिकारविषयक नियतकालिकांत लेख लिहिले. जिवंत पशुपक्ष्यांचा भारत व विलायत यांच्यामध्ये व्यापार करून पाहिला आणि त्यात भागीदार व्हावे म्हणून डार्विन व चित्रकार-पक्षिशास्त्रज्ञ गूल्ड यांनाही विचारले. दोघांनीही नकार दिला. औषधांचे दुकान ज्याला चालविता आले नाही, त्याला वाघसिंहांचा व्यापार काय साधणार? तरी यात हसण्यासारखे काही नाही. ज्याच्या मताला युरोपातील विद्वान मान देत होते, त्या माणसाला घरखर्च भागविण्यासाठी पिंजऱ्यांचा धंदा करावा लागत होता.

डार्विनचा साहाय्यक

ब्लिथच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचा अध्याय पत्रांचा आहे. १८५५ मध्ये डार्विन पाळीव प्राण्यांतील विविधतेविषयी जगभरातून माहिती गोळा करीत होता. त्याने ब्लिथला विचारणा केली आणि कलकत्त्याहून टिपणांचा पूरच सुरू झाला. भारतातील गुरे, घोडे, मांजरे, कबुतरे, कोंबड्या. त्यांचे रानटी पूर्वज कोणते, कोणता संकर टिकतो आणि कोणता टिकत नाही, अशा शेकडो गोष्टी ब्लिथने दाट अक्षरांत लिहून पाठविल्या. पाळीव कोंबड्यांच्या साऱ्या जाती आपल्या जंगलातील तांबड्या रानकोंबड्यापासूनच निपजल्या, हे त्याचे मत डार्विनने १८५९ च्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात उद्धृत केले आणि या माणसाच्या ज्ञानभांडारामुळे त्याच्या मताला आपण जवळजवळ इतर कोणाच्याही मतापेक्षा अधिक मानतो, अशी कबुली दिली. एवढेच नव्हे, तर सारावाकमध्ये असलेल्या वॉलेस नावाच्या संग्राहकाने जातींच्या उगमावर लिहिलेला निबंध डोळ्यांखालून घालण्यासारखा आहे, असे १८५५ च्या डिसेंबरात डार्विनला आवर्जून कळविणाऱ्यांत ब्लिथ होता. तीनच वर्षांनी त्याच वॉलेसच्या टपालाने डार्विनची झोप उडवली, हे सर्वश्रुत आहे.

यात आणखी एक विलक्षण दैवयोग आहे. निसर्गात दुबळे व वेगळे पडणारे प्राणी नाहीसे होतात आणि परिस्थितीशी जुळलेले टिकतात, ही गोष्ट ब्लिथने स्वतः १८३५ ते १८३७ मधील लेखांत मांडली होती, म्हणजे डार्विनच्या ग्रंथाच्या वीस वर्षांहून अधिक आधी. या आधारावर लॉरेन आयझली या अमेरिकन विद्वानाने १८५९ च्या ग्रंथाच्या शताब्दीच्या वर्षी, १९५९ मध्ये, डार्विनने मूळ कल्पना ब्लिथकडून घेतली आणि ऋण मात्र मान्य केले नाही, असा आरोप केला. त्यावर पुष्कळ वाद झाला. विज्ञानाच्या बहुतेक इतिहासकारांनी हा आरोप मान्य केलेला नाही, आणि ते योग्य वाटते. कारण ब्लिथला दिसली ती चाळणी मूळ नमुना शुद्ध राखणारी होती. जो वेगळा निपजला तो गळून पडणार आणि जात होती तशीच राहणार, असे त्याचे म्हणणे. डार्विनने ओळखले की हीच चाळणी युगानुयुगे चालली तर जुन्या जातीतून नवी जात घडते. ब्लिथला जेथे कुंपण दिसले, तेथे डार्विनला रस्ता दिसला. तेव्हा चोरीचा आरोप करून ब्लिथला मोठे करण्याची गरज नाही. मुबलक, नेमकी आणि तपासून घेतलेली माहिती विनामोबदला देणारा विद्वान म्हणून तो पुरेसा मोठा आहे. शिवाय स्वतःच्या जुन्या मताला धक्का देणाऱ्या कामासाठी त्याने हे सारे दिले, ही गोष्ट कोणत्याही अग्रक्रमाच्या वादापेक्षा अधिक मोलाची आहे.

अखेर

१८५४ मध्ये ब्लिथने एका विधवेशी विवाह केला. चाळिशी ओलांडल्यावर लाभलेले हे सुख जेमतेम तीन वर्षे टिकले. १८५७ च्या डिसेंबरात, देशात बंडाचा वणवा पेटलेला असताना, पत्नी वारली. या आघातातून तो पुरता सावरला नाही. प्रकृती ढासळली. सोसायटी त्याच्यासाठी निवृत्तिवेतनाची खटपट करीत होती आणि सरकारी उत्तरे आपल्या संथ गतीने येत होती. १८६२ मध्ये तो आजारी अवस्थेतच कलकत्ता सोडून इंग्लंडला परतला. तेथेही लेखणी थांबली नाही. जर्डनच्या ग्रंथावरील त्याचे विस्तृत भाष्य १८६६-६७ मध्ये आयबिस या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकातून प्रसिद्ध झाले. परंतु एकटेपणा, पैशाची चणचण आणि मनाचे अस्वास्थ्य यांनी अखेरची वर्षे ग्रासली. २७ डिसेंबर १८७३ रोजी, त्रेसष्टावा वाढदिवस उलटून चार दिवस झाले असताना, त्याचा अंत झाला.

कलकत्त्याच्या सोसायटीने मग ऋण फेडले, पण ते मृत्यूनंतर. ब्रह्मदेशातील सस्तन प्राणी व पक्षी यांची त्याने अपुरी ठेवलेली सूची १८७५ मध्ये जर्नलच्या जादा अंकाच्या रूपाने निघाली आणि आर्थर ग्रोट यांनी तिला ब्लिथच्या चरित्राची जोड दिली. क्रौंच पक्ष्यांवरील त्याचे लेखन टेगेटमायर यांनी १८८१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. ज्या संग्रहासाठी तो झिजला, तो १८६६ च्या कायद्याने सरकारी संग्रहालयाकडे सोपविण्यात आला. चौरंगीवरील आजच्या इंडियन म्युझियमची भव्य इमारत १८७८ मध्ये लोकांना खुली झाली, तेव्हा तिच्या प्राणिविभागाचा मूळ ठेवा हाच होता. ज्या शास्त्रासाठी एका माणसाच्या पगारात वीस वर्षांत वाढ करता आली नाही, त्याच शास्त्रासाठी प्रासादतुल्य इमारत मात्र उभी राहिली. इमारतीला पैसा मिळतो, माणसाला मिळत नाही, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही.

रानपिंगळ्याची साक्ष

यावर कोणी विचारील की दीडशे वर्षांपूर्वीची मेलेली पाखरे आणि त्यांच्या पायातील चिठ्ठ्या यांचा आज उपयोग काय? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राच्याच भूमीने दिले आहे.

ज्या १८७३ साली ब्लिथ वारला, त्याच वर्षी ह्यूमने मध्य भारतातून आलेल्या एका लहान घुबडाचे वर्णन करून त्याला नाव दिले. तोच आपला रानपिंगळा. हा ह्यूम म्हणजे डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या काँग्रेसचा सूत्रधार. त्याच वर्षी त्याने आपला पक्ष्यांचा व अंड्यांचा सुमारे ८२ हजार नमुन्यांचा प्रचंड संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला. ब्लिथपाशी कोणतेही पाठबळ नव्हते, केवळ इच्छाशक्ती व उद्योग यांच्या जोरावर त्याने हे मोठेपण मिळविले, अशा आशयाची श्रद्धांजली ह्यूमने त्याला वाहिली होती. खानदेशात अधिकारी असलेल्या डेव्हिडसनने १८८० नंतरच्या काही वर्षांत रानपिंगळ्याचे आणखी नमुने मिळविले. त्यानंतर हा पक्षी जणू नाहीसाच झाला. मध्यंतरी मेनर्ट्झहागेन या बड्या लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठी मांडवीजवळ आपण तो मिळविल्याचे सांगितले होते. त्यामुळे पुढचे शोधक भलतीकडेच पाहत राहिले.

अखेर पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ महिलेने संग्रहालयातील नमुने बारकाईने तपासले. मेनर्ट्झहागेनचा नमुना म्हणजे डेव्हिडसननेच मिळविलेला, संग्रहालयातून चोरलेला आणि पुन्हा भरून त्यावर खोटी चिठ्ठी बांधलेला पक्षी होता, हे त्या तपासातून उघड झाले. खोट्या चिठ्ठीवरचे ठिकाण बाजूला सारून त्या व त्यांचे सहकारी खऱ्या चिठ्ठ्यांच्या मागे निघाले. १९९७ च्या नोव्हेंबरात, ११३ वर्षांच्या खंडानंतर, खानदेशातील शहादे गावाजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी, पानगळीच्या रानात रानपिंगळा फांदीवर बसलेला आढळला. एका खोट्या चिठ्ठीने पक्ष्याचा माग चुकविला आणि खऱ्या चिठ्ठीने तो परत मिळवून दिला. मेळघाटासह मध्य भारतात इतरत्रही तो सापडला आणि त्याच्या रक्षणाचा विचार सुरू झाला. जो पक्षी अस्तित्वात आहे हेच ठाऊक नाही, त्याचे रान वाचविणार तरी कोण?

संग्रहपालाच्या कामाचे मोल ते हेच. तो जे लिहून ठेवतो त्याचा उपयोग त्याच्या हयातीत होईलच असे नाही. शंभर वर्षांनी कोणीतरी कपाट उघडील, त्या वेळी चिठ्ठीवरचे गाव, तारीख आणि संग्राहकाचे नाव खरे असले पाहिजे, एवढीच त्याची प्रतिज्ञा. १९०८ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत एक लहान मुलगा पिवळ्या कंठाची मेलेली चिमणी घेऊन गेला, तेव्हा तेथील मिलर्ड यांनी त्याच्यापुढे पेंढा भरलेल्या पक्ष्यांनी भरलेले खण उघडले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. ते खण नीट लावून ठेवणारे कोणी नसते, तर त्या मुलाचे कुतूहल तेथेच विरून गेले असते.

आपल्याकडील परिस्थिती काय आहे? दिल्लीचे राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय एप्रिल २०१६ मधील एका रात्रीत आगीत भस्म झाले. ब्राझीलच्या राष्ट्रीय संग्रहालयाची २०१८ मध्ये तीच गत झाली. आगीच्या बातम्या होतात. परंतु आग न लागताही संग्रह नष्ट होत असतात, त्यांची बातमी होत नाही. आपल्या कित्येक जुन्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांत धुळीने माखलेल्या बरण्या दिसतात. त्यांतील स्पिरिट उडून गेलेले असते, चिठ्ठीवरची शाई पुसलेली असते आणि ती कोणी, कुठून व केव्हा आणली हे सांगू शकणारा शेवटचा प्रयोगशाळा-साहाय्यक कधीच निवृत्त झालेला असतो. त्याची जागा भरण्याचे कोणाच्या मनात नसते. प्राण्यांची ओळख पटविण्याचे जुने शास्त्र शिकून पोट भरत नाही, असे हुशार विद्यार्थ्याला सांगितले जाते, आणि दुर्दैवाने ते खोटे नसते. जैवविविधतेचे ठराव आपण उत्साहाने करतो. ती विविधता मोजणार कोण व ओळखणार कोण, हा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहतो.

नागालँडने आपला राज्यपक्षी म्हणून जो तांबूस, देखणा रानकोंबड्याच्या कुळातील पक्षी निवडला आहे, त्यालाही जर्डनने १८७० मध्ये ब्लिथचेच नाव दिलेले आहे. पक्ष्याला नाव देण्यासाठी खर्च येत नाही. पगाराला, मदतनिसाला, कपाटाला आणि सोमलाला येतो. ब्लिथच्या पिढीला तो खर्च जड वाटला, आणि तरीही आपल्या सुदैवाने एक माणूस अर्धपोटी राहून काम करीत गेला. असा माणूस प्रत्येक पिढीत मिळेलच या भरवशावर कोणत्याही देशाने आपली ज्ञानभांडारे सोडू नयेत. पावसाळा सरल्यावर कुंपणातून येणारी ती बारीक टकटक ऐकताना एवढे भान जरी आपल्याला राहिले, तरी पार्क स्ट्रीटवरच्या त्या एकवीस वर्षांचे काही अंशी तरी सार्थक होईल.